सादी इर्माकवर दहा मिनिटं बोलायचंय? मग सतरापासून सुरू करा

यंदा श्रावणात माझ्या भाचीला वक्तृत्व स्पर्धेचा विषय चिठ्ठी उचलून मिळाला, "तुर्कस्तानचा एखादा काळजीवाहू पंतप्रधान: जीवन आणि कारकीर्द". वेळ दहा मिनिटं. त्याच संध्याकाळी ती गोव्यात आमच्या साखळी गावच्या घरी आली, ओली छत्री दारात आपटली आणि म्हणाली, मामा मला तुर्कस्तान म्हटलं की फक्त तो आइस्क्रीमवाला आठवतो, कोन देतो देतो म्हणतो आणि देतच नाही. मी हसलो, पण पुढे आठवडाभर खपून आम्ही जे भाषण उभं केलं त्याचा कणा शेवटी हाच आइस्क्रीमवाला निघाला. ते कसं केलं ते इथे लिहून ठेवतोय, कारण असा कोणी नावही न ऐकलेला माणूस कोणाच्याही चिठ्ठीत येऊ शकतो आणि मग नेटवरून उतरवून काढलेली ती जन्म-शिक्षण-निधन छापाची भाषणं आम्हा ऐकणाऱ्यांच्या नशिबी येतात.

पहिलं काम माणूस निवडणं. तुर्कस्तानात असे पंतप्रधान एक नाही, चांगले पाच-सहा आहेत. १९६५ चे सुआत हायरी उर्ग्युप्लू, जन्म दमास्कसचा, वडील ऑटोमन साम्राज्याचे शेख-उल-इस्लाम म्हणजे सर्वात वरचे धर्माधिकारी, यांनी फेब्रुवारी ते ऑक्टोबर सरकार सांभाळलं आणि मधे निवडणूक घेऊन दिली. १९७३ चे नाइम तालू, त्याआधी तिथल्या सेंट्रल बँकेचे गव्हर्नर, यांनी पण ऑक्टोबर १९७३ ची निवडणूक पार पाडली आणि नंतर पक्षांचं जुळेना म्हणून जानेवारीपर्यंत खुर्चीत राहिले. अगदी अलीकडे २०१५ मध्ये अहमद दावुतओलूंनी दोन निवडणुकांच्या मधलं हंगामी सरकार चालवलं. ह्या सगळ्यांवर बोलता येतं, पण तालूंचं सांगायला गेलात तर बँक आणि चलन समजावत बसावं लागेल आणि दावुतओलूंवर बोललात तर आजचं राजकारण अंगावर येईल, परीक्षकाचं मत काय असेल कोण जाणे. आम्ही १९७४-७५ चे सादी इर्माक घेतले, आणि घेतले ते एका आकड्यासाठी, १७.

तर हा आकडा. २९ नोव्हेंबर १९७४ ला अंकारात तुर्की संसदेत इर्माक सरकारवर विश्वासमत झालं. सभागृह ४५० चं. बाजूने पडली १७, विरोधात ३५८. आता हे नुसतं वाचून दाखवलं तर कोणाच्या डोक्यात काही जाणार नाही, म्हणून हिशेब गोव्यात आणायचा. आपली विधानसभा ४० ची, त्या प्रमाणात १७ म्हणजे दीड आमदार. मुख्यमंत्री उभा आहे आणि त्याच्या मागे दीड आमदार! भाचीने हे पहिल्यांदा मोठ्याने वाचलं तेव्हा माझी आई सोप्यावर पेंगत होती, ती जागी झाली आणि म्हणाली, दीड? मग त्याला काढला का नाही गो?

आईचा हा प्रश्न लिहून ठेवा, तुमचं भाषण तिथेच आहे. कारण त्याला काढला नाही. त्यानंतर ३१ मार्च १९७५ पर्यंत, मोजून १२२ दिवस, तोच माणूस पंतप्रधान होता.

आधी सांगायला हवं होतं, आमचा पहिला ड्राफ्ट साफ पडला होता. भाचीने सुरुवात केली होती "सादी इर्माक यांचा जन्म १५ मे १९०४ रोजी कोन्या प्रांतातील सेय्दीशेहिर येथे झाला" आणि तिथून सरळ रेषेत ११ नोव्हेंबर १९९० च्या निधनापर्यंत. सगळं बरोबर होतं आणि सगळं मेलेलं होतं. भाषण इर्माकच्या बर्लिनमधल्या शिक्षणाला पोचेपर्यंत आई झोपली. मी स्वतः मागे एका कॉलेजात परीक्षक म्हणून बसलो होतो तिथे बारापैकी नऊ मुलांनी "यांचा जन्म" असंच सुरू केलेलं, नवव्याला मी गुण कशाचे दिले मलाच आठवत नाही. म्हणून नियम एकच, काळजीवाहू माणसाची गोष्ट त्याच्या खुर्चीपासून सुरू करायची, पाळण्यापासून नाही. खुर्ची कशी मिळाली, ती देताना कोणी काय दिलं नाही, आणि असा माणूस तिथे बसवावासा का वाटला, ह्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना मग जन्म, शिक्षण वगैरे मागे जाऊन सांगायचं.

आता खुर्ची रिकामी का झाली ते आधी स्वतःला नीट कळलं पाहिजे, आणि इथे घाई करू नका, मुलं इथेच घसरतात. आम्ही काय केलं तर आईच्या डब्यातले काजू घेतले आणि टेबलावर मांडले, एक काजू म्हणजे १० खासदार. ऑक्टोबर १९७३ च्या निवडणुकीत बुलेन्त एजेवित यांच्या रिपब्लिकन पीपल्स पार्टीला १८५, म्हणजे साडेअठरा काजू. सुलेमान देमिरेल यांच्या जस्टिस पार्टीला १४९, जवळजवळ पंधरा. नेजमेत्तिन एर्बाकान यांच्या नॅशनल सॅल्व्हेशन पार्टीला ४८. देमिरेलांपासून फुटून निघालेल्या डेमोक्रॅटिक पार्टीला ४५. बाकी चिल्लर. बहुमताला २२६ लागतात. एकट्याचं कोणाचंच होत नाही, दिसतंच समोर.

मग एजेवित आणि एर्बाकान एकत्र आले, १८५ आणि ४८ मिळून २३३, जानेवारी १९७४ ला सरकार झालं. एक डावीकडे झुकलेला सेक्युलर पक्ष, एक धर्माच्या नावाने मतं मागणारा, असा संसार. तरी जुलै १९७४ मध्ये सायप्रस बेटावर, ते ग्रीसमध्ये विलीन करू पाहणाऱ्यांनी बंड केलं आणि ह्या सरकारने २० जुलैला तिथे सैन्य उतरवलं, ऑगस्टमध्ये दुसरी फेरी. एजेवित एका रात्रीत हिरो झाले. आणि हिरो झाल्यावर त्यांना वाटलं की आत्ताच निवडणूक घेतली तर एकट्याचं बहुमत येईल, भागीदाराशी पटत नव्हतंच, म्हणून सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. इथे थांबून ऐकणाऱ्यांना विचारा, बाकीच्या पक्षांनी काय केलं असेल? गोव्यातल्या कुठल्याही हॉटेलात चहा पिणारा माणूस उत्तर देईल, कोण कशाला त्याला निवडणूक देतोय. नाहीच दिली. मुदतपूर्व निवडणूक कोणाला नको, आणि नवं सरकार कोणाला जमेना. काजू कितीही सरकवा, देमिरेल, एर्बाकान आणि दोन छोटे पक्ष सगळे धरले तरी २१३ च्या वर जात नाही.

दोन महिने असेच गेल्यावर राष्ट्राध्यक्ष फाहरी कोरुत्युर्क, स्वतः पूर्वीचे नौदलप्रमुख, त्यांनी एका सत्तर वर्षांच्या प्राध्यापकाला बोलावलं. १७ नोव्हेंबर १९७४. हे होते इर्माक. तिथल्या १९६१ च्या संविधानात पंतप्रधान संसदेचा सदस्य असावा लागायचा, पण वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, राष्ट्राध्यक्ष स्वतः १५ जण नेमू शकायचे आणि इर्माक त्यातले एक होते. आपल्याकडे राज्यसभेवर १२ जण नेमतात ना, तसंच समजा, फक्त आपण त्यातल्या कोणाला अजून पंतप्रधान केलेलं नाही.

आता एक बारीक गोष्ट, जी धरली तर परीक्षक खूश आणि सोडली तर विषयच चुकला. इर्माकना काळजीवाहू म्हणून नेमलंच नव्हतं. त्यांचं सरकार पक्षांच्या वरचं, रीतसर सरकार म्हणून आलं, बरेचसे मंत्री संसदेबाहेरचे, सांस्कृतिक मंत्री म्हणून नेर्मिन नेफ्त्ची ह्या बाई, सगळं व्यवस्थित. विश्वासमत हरले आणि त्या क्षणी काळजीवाहू झाले. उर्ग्युप्लू आणि तालू यांना निवडणुकीपर्यंत गाडी न्यायला बसवलं होतं, यांच्यासमोर निवडणूकही नव्हती. त्यांना फक्त एवढंच माहीत होतं की दुसरा कोणी येईपर्यंत उठायचं नाही. आइस्क्रीमवाल्याने कोन हातात दिला आणि वरचं आइस्क्रीम काढून घेतलं, बस. भाचीने हेच वाक्य भाषणात टाकलं आणि ते सगळ्यात चाललं.

तर "काढला का नाही" चं उत्तर हे, की काढायचं म्हणजे दुसऱ्याला बसवायचं, आणि दुसरा नव्हता. सगळ्या संसदीय लोकशाह्यांत ही एक फट असते, सरकार पडलं तरी टपाल येतच राहतं, पगार द्यायचे असतात, परदेशी राजदूत दारात असतात. आपल्या संविधानात तर काळजीवाहू सरकार हा शब्दही नाही, प्रथेने चालतं. पण आपल्याला उदाहरण शोधायला लांब जायला नको. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०, आणि लगेच पुढच्याच महिन्यात कारगिल. ती अख्खी लढाई काळजीवाहू सरकारने लढली. हे उदाहरण भाषणात नक्की घ्या, पन्नाशीच्या वरच्या सगळ्या माना हलतात. ह्याच्या उलट चरणसिंग घेऊ नका, मोह होतो कारण ते लोकसभेला सामोरे न जाताच काळजीवाहू झाले, पण इर्माक सामोरे गेले होते, १७ मतं घ्यायला का होईना उभे राहिले होते.

गोव्याचं उदाहरण हवंच असेल तर दोन आहेत आणि दोन्ही जपून वापरायचे. एक म्हणजे डिसेंबर १९६६, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही ह्यावरचा जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली, १६ जानेवारी १९६७ ला कौल झाला. "खुर्चीवर तटस्थ कोणीतरी हवं" ही कल्पना समजवायला ह्यापेक्षा बरं काही नाही, पण आपल्या लोकांत हा विषय काढला की पुढचा अर्धा तास विलीनीकरणावरच जातो, तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत, एका वाक्यात सांगा आणि पुढे पळा. दुसरं १९९४ चं, रवी नाईकांचं एप्रिलमधलं सहा दिवसांचं मुख्यमंत्रिपद. ह्यावर हशा मिळतो पण तुलना फसवी आहे, तिथे घोळ राज्यपालांच्या निर्णयाचा होता, मतं न मिळण्याचा नव्हता. मी भाचीला ते काढायला लावलं. ती रुसली, कारण हशा तिला हवा होता.

आता आईचा दुसरा प्रश्न, जो तिने उकड्या तांदळाची पेज ढवळता ढवळता विचारला: मग चार महिने तो करत काय होता, माशा मारत? हा प्रश्न तुमचं भाषण मधोमध उचलून धरतो. कारण त्या १२२ दिवसांत तुर्कस्तानच्या परराष्ट्र धोरणातल्या दोन मोठ्या गोष्टी घडल्या. ५ फेब्रुवारी १९७५ ला अमेरिकेने तुर्कस्तानवर शस्त्रबंदी लागू केली, सायप्रसमध्ये अमेरिकन शस्त्रं वापरली म्हणून. नाटोतल्या मित्राने नाटोतल्याच मित्राला शस्त्रं बंद केली. आणि आठच दिवसांनी, १३ फेब्रुवारीला, सायप्रसच्या उत्तर भागात रऊफ देंक्ताश यांच्या नेतृत्वाखाली तुर्की सायप्रियटांनी स्वतःचं फेडरेटेड राज्य जाहीर केलं. ह्या दोन्ही वेळी अंकारातल्या खुर्चीवर १७ मतांचा माणूस. ह्यातलं त्याने घडवून आणलं असं मात्र म्हणू नका, शस्त्रबंदी वॉशिंग्टनच्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने लावली, सैन्य एजेवितांनी उतरवलं होतं. तो तिथे होता, जबाबदार होता, आणि त्याला नवीन काही ठरवायचा नैतिक आधार नव्हता, एवढंच सांगा, ते पुरेसं चमत्कारिक आहे. आपला मराठी शब्द इथे किती नेमका बसतो बघा, काळजी-वाहू. सत्ता दुसऱ्यांच्या वाटाघाटीत, ह्याच्याकडे फक्त काळजी.

इथपर्यंत साधारण साडेपाच मिनिटं होतात. आता मागे जा. असा माणूस कोरुत्युर्कना का सुचला?

इर्माक डॉक्टर. तरुणपणी शिकायला बर्लिनला गेले, तिथे वैद्यक आणि जीवशास्त्र शिकले, परत येऊन इस्तंबूल विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. १९४३ ला कोन्यातून खासदार. आणि मग हे, ज्याच्यावर आमच्या भागात तरी थांबायलाच हवं: जून १९४५ ला तुर्कस्तानात पहिल्यांदा कामगार मंत्रालय निघालं आणि त्याचे पहिले मंत्री इर्माक. त्याच महिन्यात कामावरचे अपघात, कामामुळे होणारे आजार आणि बाळंतपण ह्यासाठी विम्याचा कायदा झाला. १९४७ ला कामगार संघटनांचा कायदा, तोही त्यांच्याच काळातला, संघटना करा म्हणाला पण संपावरची बंदी तशीच ठेवली. साखळी-डिचोलीच्या माणसाला हे सांगताना "सामाजिक सुरक्षा" असले शब्द वापरू नका. आमच्याकडे प्रत्येक वाड्यावर कोणीतरी खाणीवर ट्रक, मशीन चालवलेलं आहे, धूळ खाल्लेली आहे. सरळ म्हणा, खाणीत पाय गेला तर घर कसं चालायचं ह्याचा कायदा ज्या मंत्र्याच्या काळात तुर्कस्तानात झाला तो हा. त्या वाक्यानंतर दोन सेकंद गप्प बसा. भाचीला ते गप्प बसणं शिकवायलाच दोन दिवस गेले.

संघटना हो पण संप नाही, हा अर्धवटपणा लपवू नका. मला तर तोच त्या माणसाचा स्वभाव वाटतो, सुधारणा करायची पण वरून, शिस्तीत, गोंधळ न करता, आणि असा माणूस राष्ट्राध्यक्षांना आवडतो आणि खासदारांना नाही. हे माझं मत आहे, तुम्ही तुमचं बनवा, पण एक तरी मत भाषणात असू द्या नाहीतर ते पत्रक होतं. १९५० ला त्यांचा पक्ष हरला, मंत्रिपद आधीच गेलेलं होतं, ते पुन्हा शिकवण्याकडे वळले. पुढच्या चोवीस वर्षांना मी एकच वाक्य दिलं, तुम्हीही एकच द्या.

नावांचं आता. उच्चार चुकले की आत्मविश्वास जातो, म्हणून हे आधी पाठ करा. तुर्की लिपी लॅटिन आहे पण त्यांचा सी म्हणजे ज, म्हणून एजेवित, "एसेविट" नाही. शेपटीवाला सी म्हणजे च, शेपटीवाला एस म्हणजे श. आणि त्यांच्याकडे आय दोन, एक ठिपक्याचा आणि एक बिनठिपक्याचा, इर्माक मधला बिनठिपक्याचा, त्याचा उच्चार आपल्या इ आणि अ च्या मधे कुठेतरी. फोनवर शोधताना तुर्की कीबोर्ड घालून घ्या, सर्चमध्ये फरक पडतो. इर्माक म्हणजे नदी, त्यांची किझिलइर्माक म्हणजे तांबडी नदी. आणि हे आडनाव जन्मापासूनचं असणं शक्य नाही कारण तुर्कस्तानात आडनावं सक्तीची झाली ती १९३४ च्या कायद्याने, म्हणजे तिशीत पोचलेल्या माणसाला नवीन नाव. १९२८ ला लिपी बदलली ती वेगळीच, अरबी अक्षरं जाऊन लॅटिन. माझे आजोबा मोडीत हिशेब लिहायचे, शाळेत पोर्तुगीज शिकले आणि पेपर देवनागरीत वाचायचे, त्यामुळे मला ह्याचं फार नवल वाटलं नाही पण भाची आ वासून बघत राहिली.

शब्दांतली एक गंमत मात्र भाषणात टाकाच. तुर्की आणि मराठी दोघांनी अरबी-फारसीतून भरपूर उसनवारी केलीय. सेय्दीशेहिर मधलं शेहिर म्हणजे आपलं शहर. सरकारला ते ह्युक्यूमेत म्हणतात, आपली हुकूमत. संसद म्हणजे मेज्लिस, मजलिस. आणि त्या विश्वासमताच्या दिवशी मतांना जे दोन शब्द होते ते काबुल आणि रेत, म्हणजे कबूल आणि रद्द! १७ कबूल, ३५८ रद्द. आम्ही भाषणाची सुरुवातच ह्यावर केली. भाची उभी राहिली, नमस्कार नाही, अध्यक्षमहोदय नाही, थेट म्हणाली, "कबूल सतरा, रद्द तीनशे अठ्ठावन्न." मागच्या बाकावरच्या कोणीतरी मोबाईल खाली ठेवला, मी बघितलं.

खुर्ची सुटली कशी ते थोडक्यात आटपा. देमिरेलांनी एर्बाकान आणि दोन छोट्या पक्षांशी मोट बांधली, पण मघाशी सांगितलं तसं ते २१३, मग डेमोक्रॅटिक पार्टीतून काही जण फुटून आले. फुटणं म्हणजे काय हे गोव्यात समजावून सांगायला लागत नाही, २०१९ ला दहा आणि २०२२ ला आठ आपण एका दमात जाताना पाहिलेत. ३१ मार्च १९७५ ला देमिरेल पंतप्रधान झाले आणि १२ एप्रिलला विश्वासमत जिंकले, २२२ विरुद्ध २१८. चार मतांनी. इर्माकच्या १७ शेजारी हे २२२ ठेवा आणि विचारा की ह्या चार मतांच्या सरकारला मजबूत म्हणायचं का. उत्तर देऊ नका, सोडून द्या.

आता अवघड भाग, जो बरेच जण गाळतात कारण तो गैरसोयीचा आहे. १२ सप्टेंबर १९८० ला तुर्कस्तानात लष्कराने सत्ता घेतली, संसद बरखास्त, पक्ष पुढे बंदच केले. नवीन संविधान लिहायला ऑक्टोबर १९८१ ला १६० जणांची सल्लागार सभा बसवली, निवडून आलेली नाही, नेमलेली. तिचे अध्यक्ष कोण, तर आपले सादी इर्माक, वय ७७. ह्या सभेने केलेल्या मसुद्यावर लष्करशहांनी हात फिरवला आणि ७ नोव्हेंबर १९८२ ला जनमत घेतलं, ९१ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. बंदुकीच्या छायेतलं हो. भाचीला हे भाषणात नको होतं, म्हणे मामा आत्तापर्यंत लोकांना तो बिचारा वाटतोय, आता वाईट का दाखवायचा. मी म्हटलं वाईट नको दाखवू, आकडे शेजारी ठेव. मोकळ्या संसदेत त्याला १७ मतं मिळाली आणि बंद संसदेच्या काळात त्याच्या सभेच्या कागदाला ९१ टक्के. ऐकणारे मूर्ख नसतात.

आणि तोच माणूस दोन्ही वेळा का? कारण तो कुठल्याही पक्षाचा ताकदवान माणूस नव्हता, कोणाला त्याची भीती नव्हती, विद्वान म्हणून मान होता, वय झालेलं होतं. आमच्या देवस्थानांच्या समितीत दोन गट भांडायला लागले की अध्यक्ष कोणाला करतात, तर निवृत्त मास्तरांना. तेच हे. मास्तरांना विचारा त्यांना किती मतं पडली असती खुल्या निवडणुकीत.

वेळेचं सांगतो. भाचीच्या वेगाने दहा मिनिटांत हजारेक शब्द बसतात, तुमचं फोनवर लावून मोजा. सुरुवातीचा आकडा आणि दीड आमदार एक मिनिट, एजेवितचा राजीनामा आणि काजूंचं गणित अडीच, १२२ दिवस दोन, मागे जाऊन डॉक्टर ते कामगार मंत्री अडीच, बाकी देमिरेल आणि १९८२ मिळून दोन. तारखा कागदावर चारच ठेवा, १७ नोव्हेंबर, २९ नोव्हेंबर, १३ फेब्रुवारी, ३१ मार्च, बाकी नुसती सालं. पाठ करू नका, पाठ केलं की मधला एक शब्द हरवतो आणि सगळी माळ सुटते. सराव घरातल्या सगळ्यात झोपाळू माणसासमोर करायचा, जिथे तो डोळे मिटेल तिथे काट मारायची. आम्ही आईला तीन दिवस वापरलं, तिने मोबदल्यात आमच्या गणिताचे काजू परत मागितले, अर्धे आम्ही खाल्ले होते, डेमोक्रॅटिक पार्टी तर सगळीच.

शेवटी प्रश्नोत्तरं असतील तर एक प्रश्न येतोच येतो, आमच्याकडे तो एका आजोबांनी विचारला: आत्ता तुर्कस्तानचा पंतप्रधान कोण? इथे फोन काढायला जाऊ नका. उत्तर आहे, कोणीच नाही. एप्रिल २०१७ च्या जनमताने ते पदच काढून टाकलं, बिनाली यिल्दिरिम हे शेवटचे, जुलै २०१८ ला ते उठले आणि खुर्ची पण त्यांच्याबरोबर गेली, आता सगळं राष्ट्राध्यक्षाकडे. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, मग काळजी कोण वाहतो? भाचीला सुचलं नाही, मलाही नाही, तेवढ्यात चहा आणि मिरची भजी आली.